लॅपची (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची) इन्स्ट्रुमेंट: स्टीलची धुऊन वापरावी की डिस्पोजेबल? हिशोबाला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सिंहगड रस्त्याकडच्या एका ३० खाटांच्या हॉस्पिटलात मी खरेदी आणि हिशोब बघतो. वैद्यकीय शिक्षण नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तरी सांभाळून घ्या. आमच्याकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया वाढल्यात. नवीन सर्जननी डिस्पोजेबल ट्रोकार (पोटात दुर्बीण आणि इन्स्ट्रुमेंट घालायची नळी), कात्री आणि क्लिप ॲप्लिकेटर (रक्तवाहिनीला क्लिप लावायचं) मागितलेत. मोठे डॉक्टर म्हणतात, स्टीलचा सेट जन्मभर पुरतो. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले, "तुम्हीच आकडे काढा."

डिस्पोजेबलचा आकडा सोपा आहे. बिलावरची किंमत अधिक जीएसटी. आरोग्यसेवा करमुक्त असल्याने इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर सरळ खर्चातच. कचऱ्याचं बिल आमचं खाटांवर येतं, चार ट्रोकार जास्त टाकले म्हणून ते हलत नाही.

अडलंय ते स्टीलपाशी. किंमत भागिले किती वापर? कंपनीचा माणूस "शेकडो वेळा" म्हणतो, सिस्टर म्हणतात कात्रीची धार त्याच्या कितीतरी आधी जाते. वर प्रत्येक वापरामागे धुणं: एन्झाइम, ब्रश, पाऊच, इंडिकेटर, वीज, मामा-मावशींचा वेळ. पाण्याची तऱ्हा तर विचारूच नका. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं की बोअर नाहीतर टँकर, आणि त्या जड पाण्याने स्टीलवर डाग, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) क्षार. आरओ बसवला तर तो खर्च कुठे धरू?

आणखी एक. रोखीच्या पेशंटला डिस्पोजेबल वेगळं बिलात लागतं, धुण्याचा खर्च मात्र ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जमध्ये जिरतो. म्हणजे आमच्या वहीत जे स्वस्त, तेच पेशंटला महाग. महात्मा फुले योजनेत उलट, पॅकेज ठरलेलं, ट्रोकार कितीचाही आणा. मग तक्ता कोणाच्या खिशाचा मांडायचा?

आणि "डिस्पोजेबल इटीओ करून (म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करून) पाच-सहा वेळा चालवू" असंही सुचवून झालंय. तसं धरलं तर आकडे फार देखणे येतात, त्याचीच धास्ती वाटते. काय करावं?

प्रतिसाद १ (ओटी इन्चार्ज, कोथरूड)

दादा, सगळ्याला एकच हिशोब लावू नका. आर्टरी, ॲलिस हे चिमटे, जखम उघडी धरायचे रिट्रॅक्टर, हे सगळं भरीव स्टील, निगा राखली तर वर्षानुवर्षं जातं. तिथे डिस्पोजेबलचा विचारही नको. ब्लेड आणि सुया एकदाच, त्यातही वाद नाही. भांडण फक्त मधल्यांचं आहे.

लॅपच्या इन्स्ट्रुमेंटची दांडी पोकळ असते, आत रक्त वाळलं की ब्रश फिरवूनही निघत नाही. म्हणून घ्यायचं तर सुटं होणारंच घ्या. ट्रोकार स्टीलचे चालतात. क्लिप ॲप्लिकेटर स्टीलचा आणि क्लिपा नव्या. कात्रीला हँडल-दांडी कायमची आणि फक्त टोक बदलायचं, असंही मिळतं. तुमच्या सर्जनची तक्रार बहुधा धारेचीच असेल, विचारून बघा.

किती वेळा चालतं हे कंपनीला विचारू नका. प्रत्येक इन्स्ट्रुमेंटला नंबर द्या, दर वापराला रजिस्टरमध्ये एक रेघ, दुरुस्तीला गेलं की तारीख. काही महिन्यांत तुमच्या पाण्याचा, तुमच्या माणसांचा आकडा हातात येईल. हायपोक्लोराइटमध्ये भिजत ठेवणं आधी बंद करा, स्टीलला खड्डे पडतात. कॉटरी (विजेने कापणं, रक्त थांबवणं) लागते त्या दांडीचं आवरण चिरलं की करंट भलतीकडे जाऊन आतडं भाजतं, आणि कॅमेऱ्यात ते दिसतंच असं नाही. इन्सुलेशन तपासायचं यंत्र घ्या, त्याची किंमतही स्टीलच्याच खात्यात.

इटीओचं म्हणाल तर पाकिटावर वर्तुळात खोडलेला २ असतो, म्हणजे पुन्हा वापरायचं नाही असं बनवणाराच सांगतोय. त्यावर नव्याचं बिल लावून जुनं वापरणं ही पेशंटची फसवणूक. तुमच्या तक्त्यात तो रकानाच ठेवू नका.

प्रतिसाद २ (बायोमेडिकल इंजिनिअर)

ताईंशी सहमत. हिशोबापुरतं सांगतो. ऑटोक्लेव्हचा खर्च इन्स्ट्रुमेंटवर नाही, लोडवर (यंत्र एकदा भरून चालवण्यावर) काढा. १३४ अंशाला जेमतेम चार मिनिटं ठेवायचं असलं तरी व्हॅक्यूम आणि वाळवणं धरून बराच वेळ जातो, आणि चेंबर अर्धा रिकामा म्हणून वीज निम्मी होत नाही. समजा स्टीलचा ट्रोकार १०,००० रुपयांचा आणि १०० वेळा चालला, म्हणजे वापरामागे १०० रुपये. लोडला सगळं धरून ८०० रुपये पडत असतील तर चार सेट गेल्यावर सेटमागे २००, एकच गेला तर ८००. म्हणजे तुमचा निकाल ट्रोकारच्या किमतीवर कमी, दिवसाला केसेस किती यावर जास्त. लागोपाठ दोन केसेस असतील तर दोन सेट लागतील, तेही भांडवल मोजा. आरओ मात्र सगळ्या ओटीचा खर्च आहे, एकट्या लॅपवर टाकू नका.

डिस्पोजेबल म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. इंग्लंडात व्हीसीजेडीच्या (इन्स्ट्रुमेंटमधून पसरेल अशी धास्ती असलेला मेंदूचा आजार) भीतीने २००१च्या जानेवारीत टॉन्सिलच्या ऑपरेशनला एकदाच वापरायची इन्स्ट्रुमेंट आणली. रक्तस्राव वाढला आणि त्याच डिसेंबरात पुन्हा धुऊन वापरायच्या इन्स्ट्रुमेंटला मुभा दिली. सर्जनच्या हातात नमुना देऊन बघितल्याशिवाय पेटी मागवू नका.

ऑटोक्लेव्ह व्हॅक्यूमवाला (आधी आतली हवा ओढून घेणारा) आहे की साधा? साधा असेल तर पोकळ इन्स्ट्रुमेंटला तो पुरा पडणार नाही, मग हिशोब मुळापासून बदलेल.

धागाकर्ता

ताई, सर, खूप आभार. आत्ताच सिस्टरना विचारलं, ऑटोक्लेव्ह साधा आहे. म्हणजे आता व्हॅक्यूमवाल्याचं कोटेशन आधी. दोन खिशांचे दोन रकाने वेगळे मांडतोय, योजनेच्या केसेस तिसऱ्यात. ताई, तुमच्या रजिस्टरच्या कोऱ्या पानाचा फोटो मिळेल का? आणि लॅपच्या कात्रीला नीट धार लावून देणारं पुण्यात कोणी माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.