मदत हवी आहे: सॅन स्टॉर्मच्या इंजिनवर आधीच्या मालकाने करून घेतलेलं काम निस्तरायचंय (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत मुंबईहून एक जुनी सॅन स्टॉर्म घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बंगळूरच्या सॅन कंपनीने १९९८ च्या सुमारास फ्रेंच डिझाइनवर काढलेली ही दोन सीटांची, कापडी टपाची, फायबर बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार. आत रेनोचं ११४९ सीसीचं डी७एफ इंजिन आहे, आठ व्हॉल्व्हचं, साधारण साठ घोड्यांचं. युरोपात हेच इंजिन ट्विंगो आणि क्लिओमध्ये होतं. शाळेत असताना कॉलेज रोडवर एक लाल स्टॉर्म उभी दिसली होती, तेव्हापासून ही गाडी मनात होती.

विकणारे गृहस्थ म्हणाले, "इंजिन पूर्ण बांधून घेतलंय, आता काही वर्षं हात लावू नका." बिलही दाखवलं. मी इंजिन सुरू करून पाहिलं, आवाज एकसारखा होता, पैसे दिले आणि निघालो. कसारा घाटाच्या अर्ध्यात तापमानाचा काटा लालपर्यंत गेला. बाजूला थांबवून बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीतून वाफ येत होती. त्यांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "डॅशबोर्डखाली खटका आहे बघा, घाटात तो दाबायचा, पंखा सुरू होतो." ते निघताना सांगायचं राहून गेलं होतं! तासभर थांबून, पाणी घालत, कशीबशी इगतपुरी गाठली आणि रात्री घरी आलो.

तेव्हापासून दर रविवारी मी आणि बाबा गाडीखाली असतो. बाबा सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये होते, आता निवृत्त आहेत. मापाची हत्यारं घरात आहेत, पण इंजिन दोघांनीही कधी बांधलेलं नाही. आतापर्यंत जे सापडलं ते सांगतो.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवर नाही, काढून टाकलाय. त्याच्या घराचा एक बोल्ट तुटून आत राहिलाय, दुसऱ्याच्या भोकातले आटे मेलेत आणि वर एम-सील थापलंय. पंख्याचा मूळ तापमानाचा स्विच नुसताच लटकतोय, त्याच्या वायरी कापून थेट डॅशबोर्डखालच्या खटक्यावर नेल्यात, मध्ये फ्यूज नाही. रेडिएटर रिकामा केला तर चहासारखं पाणी निघालं. ब्लॉक (सिलिंडर असतात तो खालचा भाग) बिडाचा आणि हेड (त्यावरचं व्हॉल्व्हचं झाकण) ॲल्युमिनियमचं, त्यामुळे कूलंट न घालता साधं पाणी वापरलं की गंज धरणारच. आधीच्या मिस्त्रीने बहुतेक बोअरचंच पाणी वापरलं असावं, कारण पाईपांच्या आत पांढरा थर आहे.

थर्मोस्टॅट काढला की गाडी गरम होत नाही ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की का आहे, मला कळत नाही. डिसेंबरात सकाळी गंगापूर रोडवर चालवताना काटा वरच चढत नव्हता. इंजिन गारच राहिलं की पेट्रोल जास्त जातं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं आणि ते पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होताच.

सगळ्यात वाईट दिसलं ते इंजिनच्या तळाशी, ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये. गरम इंजिन रिकाम्यावर सोडलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. म्हणून चेंबर उतरवलं. गॅस्केटऐवजी (सांध्यातून गळू नये म्हणून मध्ये बसवतात ती पट्टी) लाल सिलिकॉन, तेही इतकं की बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आत दाबलं गेलंय. त्याचे शेवयांसारखे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या गाळणीवर बसले होते, जवळजवळ अर्धी जाळी झाकलेली. बाबा ते चिमट्याने एकेक काढत होते आणि एक शब्द बोलले नाहीत. चाळीस वर्षं शंभराव्या भागाचं माप सांभाळलेल्या माणसाला हे बघवत नव्हतं. गाळणी साफ केली, चेंबर नीट घासून नव्या गॅस्केटवर बसवलं, ऑइल आणि फिल्टर बदलला. आता दिवा लागत नाही. बेअरिंगचं किती नुकसान झालंय ते माहीत नाही, आवाज मात्र नाही.

आता खरा प्रश्न. हेड अजून उघडलेलं नाही, पण हेड आणि ब्लॉकच्या सांध्यातूनही तेच लाल सिलिकॉन डोकावतंय. म्हणजे हेड गॅस्केटलासुद्धा फासलंय. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजलं: १७२, १६८, ११८, ११२ पीएसआय. तिसऱ्यात आणि चौथ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, जेमतेम चार-पाचने वाढलं. गार इंजिन सुरू केल्या केल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात. ऑइल पांढरं झालेलं नाही. पहिला पिस्टन वर आणून पाहिलं तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा दातेरी पट्टा) एक दात मागे बसलाय. आणि एक विचित्र गोष्ट: हेडलाइट लावले की तापमानाचा काटा लगेच वर उडी मारतो, बंद केले की खाली येतो.

द्वारकेच्या बाजूच्या दोन मिस्त्रींना आणि सातपूरच्या एकाला दाखवलं. तिघांचं एकच म्हणणं, हे इंजिन काढा, मारुतीचं बसवा, पार्ट कुठेही मिळतील. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल. पण आरसीवर इंजिन नंबर आहे, बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि मुळात मला ही गाडी जशी निघाली तशी हवी आहे. एका जुगाडावर दुसरा जुगाड चढवायचा नाही.

तर विचारायचंय ते असं. आधी बेल्टचा दात दुरुस्त करून पुन्हा कॉम्प्रेशन मोजू, की थेट हेडच उतरवू? मेलेल्या आट्यांना हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टिकेल का? आणि हेडचे बोल्ट आधीच्या मिस्त्रीने जुनेच लावले असतील तर तेच पुन्हा वापरता येतील का?

प्रतिसाद (पुण्याहून)

तुम्ही मोजमाप घेऊन विचारलंत म्हणून नेमकं सांगता येतंय.

बेल्ट एक दात मागे असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन साधारण सारखंच बदलेल. शेजारशेजारचे फक्त तिसरा आणि चौथा पडलेत, म्हणजे कारण दुसरं आहे. ऑइल टाकून फारसं वाढलं नाही, म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा नाही. दोन शेजारी एकत्र पडले की पहिला संशय त्यांच्या मधल्या गॅस्केटवर, नंतर व्हॉल्व्हवर. बुडबुडे बघता गॅस पाण्यातही जातोय. खात्री करायची असेल तर बाटलीच्या तोंडावर लावायची निळ्या द्रावणाची टेस्ट मिळते, जळलेला गॅस असेल तर द्रावण पिवळं पडतं. हेड उतरवावंच लागेल, त्यामुळे नुसत्या बेल्टवर एक रविवार घालवू नका. बांधताना नवा बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच टाका.

हेडलाइटचा प्रकार मात्र आधी सोडवा. फायबरच्या बॉडीतून अर्थ (करंटला बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) मिळत नाही. लोखंडी गाडीत इंजिनची अर्थ पट्टी सैल असली तरी करंट पत्र्यातून कुठून तरी वाट काढतो, तुमच्या गाडीत त्याला ती वाट नाही. ज्याने इंजिन उतरवलं त्याने पट्टी परत लावलीच नसेल किंवा रंगावर कसली असेल. स्टार्टर फिरवताना बॅटरीची निगेटिव्ह आणि ब्लॉक यांच्यामध्ये मल्टिमीटर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थ खराब. हे नीट होईपर्यंत त्या काट्यावर विसंबून कुठलाही निर्णय घेऊ नका.

हेलिकॉइल ॲल्युमिनियममध्ये उत्तम टिकते, मूळ आट्यांपेक्षाही चांगली. तुटलेला बोल्ट घरी हातड्रिलने काढायला जाऊ नका, भोक तिरकं गेलं की हेड गेलं. हेड उतरल्यावर मशीन शॉपमध्येच काढून घ्या. हेड बोल्ट नवेच घ्या. अंशात फिरवून कसायचे बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा तितकी पकड देत नाहीत. ब्लॉकमधली बोल्टची भोकं पूर्ण कोरडी करा, आत ऑइल किंवा पाणी साचलं असेल तर कसताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आणि नव्या हेड गॅस्केटला सिलिकॉन अजिबात नको.

धागाकर्ता, दोन आठवड्यांनी

मनापासून आभार. तुमच्या क्रमानेच गेलो.

मल्टिमीटरवर १.१ व्होल्ट आला. इंजिनपासून चासीला जाणारी पट्टी नव्हतीच. बाबांनी जाड तांब्याची वेणी आणली, चासीवरचा रंग खरवडून जागा चकचकीत केली आणि कसली. आता हेडलाइट लावले तरी काटा हलत नाही. निळं द्रावण मात्र पाचेक मिनिटांत पिवळं पडलं.

हेड उतरवलं. बोल्ट सोडताना प्रत्येकाला वेगळा जोर लागला, दोन तर साध्या पान्यालाच सुटले. गॅस्केट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध जळून काळं झालंय, आणि तिथूनच पाण्याच्या भोकापर्यंत रेघ गेलीय. बाबांनी सरळपट्टी आडवी धरून फीलर गेज घातला, मधोमध ०.१५ मिलिमीटरची पात आरपार गेली. सहसा ०.०५ च्या वर चालत नाही असं वाचलंय. म्हणजे "पूर्ण बांधलेल्या" इंजिनचं हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करून घ्यायला) गेलंच नव्हतं, वाकडेपणा सिलिकॉनने भरून काढला होता. ब्लॉकचा माथा सरळ आहे, आणि सिलिंडरच्या भिंतींवर नख अडकेल अशी एकही रेघ नाही. हे बघून दोघांनाही खूप बरं वाटलं.

हेड अंबडच्या एका मशीन शॉपला दिलंय. आधी प्रेशर टेस्ट, कारण इतकं तापल्यावर व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये तडा असू शकतो. तडा नसेल तरच फेसिंग, तेही लागेल तेवढंच. मागाहून व्हॉल्व्ह घासणं, नवे सील, दोन हेलिकॉइल. थर्मोस्टॅट आणि पंख्याचा स्विच दोन्ही मूळ जागी जाणार, डॅशबोर्डखालचा खटका आजच काढला.

अडलंय ते हेड बोल्टवर. इथे कोणाकडे नाहीत. ट्विंगोसाठीचा पूर्ण संच युरोपातून मागवायचा विचार आहे, पण बोल्टची लांबी वेगळी निघाली तर सगळंच थांबेल. ज्यांनी स्टॉर्मला ट्विंगोचे हेड बोल्ट आणि गॅस्केट लावलंय त्यांनी कृपया सांगा. माझ्याकडच्या जुन्या बोल्टची लांबी, जाडी आणि आट्यांचा पिच बाबा उद्या व्हर्नियरने मोजणार आहेत, फोटोसह इथेच टाकतो.