गो-गोजचा 'ब्यूटी अँड द बीट' (१९८१): "मुलींचा बँड" हे कौतुक पुरे झालं, आता गिटार ऐका

सहावी तार
गेले दोन आठवडे हा एकच अल्बम ऐकतेय आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गो-गोज म्हणजे लॉस एंजेलिसच्या पंक (वेगवान, खरखरीत रॉक) क्लबांतून वर आलेल्या पाच जणी. बेलिंडा कार्लाइल गाते, शार्लट कॅफी लीड गिटार आणि कीबोर्ड, जेन वीडलिन रिदम गिटार, कॅथी व्हॅलेंटाइन बेस, जीना शॉक ड्रम्स. हा त्यांचा पहिला अल्बम, जुलै १९८१ चा. मार्च १९८२ मध्ये तो बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या खपाच्या) अल्बम यादीत एक नंबरला गेला आणि सहा आठवडे तिथून हलला नाही. स्वतःची गाणी स्वतः लिहून स्वतःच वाजवणाऱ्या मुलींच्या बँडला हे पहिल्यांदाच जमलं.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. हे वाक्य सगळे म्हणतात आणि पुढे सरकतात, नाहीतर कव्हरबद्दल बोलतात, टॉवेल गुंडाळून तोंडाला क्रीम फासलेल्या पाच जणी वगैरे. वाजवलंय कसं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

'वी गॉट द बीट' ची सुरुवात घ्या. आधी फक्त ड्रम्स, त्यातही टॉम्सवर, म्हणजे खोल आवाजाच्या ड्रमवर, जास्त जोर, कॅलिफोर्नियाच्या जुन्या सर्फ रॉकमध्ये (समुद्रकिनाऱ्यावरच्या तरुणाईचं गिटारवालं संगीत) असायचे तसे. मग जाड तारांवरचं ते साधं रिफ (परत परत येणारी छोटी गिटारची ओळ) येतं आणि पुढचे अडीच मिनिट गाणं खाली बसतच नाही. 'धिस टाउन' तर मी सलग किती वेळा लावलं असेल त्याला हिशोब नाही, तीच सर्फ गिटार पण सूर उदास, शहराची झगमग आणि त्याखालची भीती दोन्ही त्या एका गिटारीत आहेत. जेन कॉर्ड घट्ट धरून चालते, शार्लट तिच्यावरून छोट्या छोट्या ओळी टाकते आणि काम झालं की बाजूला होते. लांबलचक सोलो कुठेच नाही. माझ्या मते गिटारवरचा हा संयम वेगवान बोटांपेक्षा अवघड आहे.

कॅसेटवाला
गाणी चांगली आहेत, वाद नाही. पण हा अल्बम म्हणजे एका जिवंत पंक बँडला इस्त्री करून दिलीये. निर्माता रिचर्ड गॉटेररने त्यांना मुद्दाम हळू वाजवायला लावलं, सगळं स्वच्छ, गोड करून टाकलं, आणि फायनल मिक्स ऐकल्यावर खुद्द बँडच हादरला होता हे त्यांनीच नंतर सांगितलंय. त्यांना पंक रेकॉर्ड हवी होती. याच 'वी गॉट द बीट' चं १९८० चं स्टिफ रेकॉर्ड्स या इंग्लिश कंपनीचं सिंगल ऐक, त्यातला खरखरीतपणा अल्बममध्ये गेला कुठे? ज्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्याच खूश नव्हत्या तिचं एवढं कौतुक मला पटत नाही.

सहावी तार
@कॅसेटवाला, हादरल्या होत्या हे खरंय. पण वेग कमी केल्यामुळे शब्द ऐकू यायला लागले आणि मुख्य म्हणजे गाण्यांची बांधणी दिसायला लागली. 'अवर लिप्स आर सील्ड' घे. मधल्या भागात वाद्यं एकदम मागे सरतात, बेलिंडाच्या जागी जेनचा तो पातळ आवाज येतो, जणू कुणीतरी कानाशी लागून समजूत काढतंय, आणि मग गिटार परत भरून येते. हे धडाधड वाजवलं असतं तर ती जागा कळलीसुद्धा नसती.

अजून एक. हे गाणं जेनने टेरी हॉल या इंग्लिश गायकाबरोबर लिहिलंय, आणि त्याच्या फन बॉय थ्री या बँडने १९८३ मध्ये ते स्वतःही केलं. त्यांचं संथ आहे, काळोखं आहे. गाणं तेच, पण गो-गोजकडे ते ऊन पडल्यासारखं वाटतं. हा फरक बराचसा गिटारींनी केलाय.

अर्धी मात्रा
"पहिल्यांदाच" हा शब्द जरा जपून वापरूया. सुप्रीम्स या गायिकांच्या गटाचा अल्बम १९६६ मध्येच अमेरिकेत एक नंबरला गेला होता आणि त्याही सगळ्या मुलीच. दुसरं म्हणजे या यशात ओळखीपाळखीचा वाटा नाही असं कसं म्हणता येईल? गो-गोजची रेकॉर्ड कंपनी आयआरएस, ती माइल्स कोपलंडची, तो पोलीस बँडचा मॅनेजर आणि त्यांच्या ड्रमरचा सख्खा भाऊ. पोलीसच्या शोआधी वाजवायला मिळालं की एवढे प्रेक्षक आयतेच समोर येतात. उत्तम गाणी करणारे कितीतरी बँड तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये होते, त्यांना हा दरवाजा कोणी उघडून दिला?

सहावी तार
सुप्रीम्स गायच्या, आणि काय गायच्या! पण वाद्यं मोटाउन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचे वादक वाजवायचे, गाणी बहुतेक दुसऱ्यांची. म्हणून तर मी लिहिणं आणि वाजवणं दोन्ही म्हटलं. दरवाजाचं मान्य, ओळखीने दरवाजा उघडतो. पण ज्यांच्याआधी या वाजवत होत्या त्या पोलीसचाच अल्बम यांच्या खाली राहिला, ते ओळखीने होत नाही ना. आणि १९८० मध्ये इंग्लंडमध्ये मॅडनेस या बँडबरोबर फिरताना यांच्यावर प्रेक्षकांतले स्किनहेड (डोकं भादरलेले दांडगट तरुण) थुंकायचे, त्याही रात्री उभं राहून वाजवलंच की यांनी.

खर्जातली
मी बेस वाजवते म्हणून कॅथीबद्दल लिहायलाच हवं. ती मूळची गिटारिस्ट. १९८० संपता संपता बँडला ऐनवेळी बेसिस्ट लागला तेव्हा तिने काही दिवसांत टेप ऐकून सगळी गाणी बेसवर बसवली आणि थेट स्टेजवर उभी राहिली. म्हणून तिचा बेस गिटारिस्टने वाजवल्यासारखा सारखा पुढे झेपावतो, मला त्यातून फार शिकायला मिळालं. 'कान्ट स्टॉप द वर्ल्ड' पण तिचंच.

आणि "मुलींचा बँड" बद्दल. आमच्या बँडच्या एका कार्यक्रमानंतर साउंडवाल्याने मला विचारलं, रेकॉर्डिंगमध्ये बेस कुणी वाजवलाय? मी समोर बेस गळ्यात घालून उभी होते. बँगल्स या दुसऱ्या मुलींच्या बँडचं 'वॉक लाइक अन इजिप्शियन' आठवा, त्यात डेबी पीटरसन ही त्यांची ड्रमर असून ड्रम मशीन (ड्रम्सचे आवाज काढणारं यंत्र) लावलं. १९८६ मध्ये ते एक नंबरला गेलं, पण मला ते ऐकताना दर वेळी वाईट वाटतं. 'ब्यूटी अँड द बीट' मध्ये जीनाचे हात ऐकू येतात, माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

कॅसेटवाला
@खर्जातली, त्या साउंडवाल्याचं वाचून खरंच राग आला.

काल रात्री हेडफोन लावून पूर्ण अल्बम ऐकला, अकराच्या अकरा गाणी. 'धिस टाउन' बद्दल सहावी तार यांचं बरोबर आहे, आणि 'ऑटोमॅटिक' मी आजवर नेहमी पुढे ढकलायचो ती माझी चूक, एवढं रिकामं ठेवलेलं गाणं आणि तरी अंगावर येतं. पण वेगाबद्दल माझं मत तेच आहे, 'हाऊ मच मोअर' मध्ये तर ड्रम्सना पुढे पळायचंय आणि कुणीतरी लगाम धरलाय असंच वाटत राहतं.

सहावी तार
'हाऊ मच मोअर' बद्दल मान्य, तिथे मलाही पंक क्लबातली जीना हवी होती. आता 'लस्ट टू लव्ह' परत लाव, कडवं संपून कोरस उघडतो त्या जागी दोन्ही गिटारी काय करतात ते ऐक आणि इथे लिही.