मदत हवी आहे : कोडगूतील ताडियांडमोल, मार्गदर्शकासह एका दिवसाची पायपीट

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेरुळहून आम्ही चौघे कर्नाटकातील कोडगूला (कूर्ग) जाणार आहोत आणि एक पूर्ण दिवस कक्कबे गावाजवळील ताडियांडमोल शिखरासाठी (१,७४८ मीटर) राखून ठेवला आहे. पनवेलहून मंगळूरपर्यंतची रेल्वे आणि पुढे मडिकेरीपर्यंतची बस ठरलेली असल्यामुळे प्रवासाबद्दल काही विचारायचे नाही. हा काळ कॉफीच्या तोडणीचा असतो, म्हणून वाटेतले मळे समजावून सांगणारा स्थानिक मार्गदर्शक हवा आहे. नुसता वाट दाखवणारा नको.

दोन होमस्टेंना दूरध्वनी केला, तेव्हा एकाने किमान सहा जणांची अट घातली आणि दुसऱ्याने सकाळी दहानंतरच निघता येईल असे सांगितले. तोवर दरीतले धुके विरलेले असेल, आणि आम्ही तर त्यासाठीच जात आहोत. वनखात्याची नोंदणी आम्ही स्वतः करू. आमच्यात एकसष्ट वर्षांच्या आई आहेत. त्या कर्नाळा चढतात, परंतु उतरताना त्यांचे गुडघे दुखतात.

चौघांसाठी पहाटे निघणारा मार्गदर्शक कक्कबेतच मिळतो का, की मडिकेरीहून सोबत न्यावा लागतो, आणि शेवटचा उभा चढ टाळून आईंना कोठपर्यंत नेणे योग्य ठरेल?