आगळाची बाटली पुण्यापर्यंत कोरडी कशी न्यावी? मदत हवी आहे

फोंड्याहून लिहितेय. पुढच्या आठवड्यात आई आणि मी गोवा एक्सप्रेसने मडगावहून पुण्याला निघतोय. मावशीचं फर्मान आलंय : दोन लिटर कोकम आगळ (कोकमाचा मीठ घातलेला दाट रस) आणि खारे बांगडे. बांगड्यांचं मी बघते. ते डब्यात गप्प बसत नाहीत, पण सांडत तरी नाहीत. प्रश्न आगळाचा आहे.

मागच्या खेपेला कुळेला घाटासाठी जादा इंजिनं जोडताना गाडीला हिसका बसला आणि आईच्या पिशवीतून लाल ओघळ निघाला. समोरचे काका दचकून उठले, "अहो, कुणाला लागलं का?" आईने शांतपणे बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय." मग कॅसलरॉक येईपर्यंत अख्ख्या डब्यात सोलकढीचीच चर्चा. (माझी पांढरी ओढणी अजून गुलाबी आहे.)

बुचाखाली प्लॅस्टिक लावून झालं, वर रबर लावून झालं. स्टीलच्या डब्यात आंबट ठेवायला आई तयार नाही, आणि काचेची बरणी सांभाळायला मी. बाटली काठोकाठ न भरता थोडी रिकामी ठेवली तर फरक पडतो का? कुणी बूच मेणाने बंद करून नेलंय का?

आणि जाता जाता : गाडी पहाटे पुण्यात पोचते, पण आई मिरजेपासूनच दर स्टेशनला "आलं का गो पुणे?" विचारते. यावर काही उपाय असेल तर तोही सांगा, आगळापेक्षा तो जास्त तातडीचा आहे.