कुंपणालगत फुलपाखरांसाठी देशी झाडं: कुठली आणि कशी लावावीत?

मुरूममाती:
पुण्यात सोसायटीच्या पश्चिमेच्या कुंपणालगत 30 × 4 फुटांची पट्टी आहे. दुपारनंतर कडक ऊन, खाली मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. सध्या तिथे ड्युरांटा आणि नर्सरीतली रंगीत घाणेरी आहे. घाणेरीवर फुलपाखरं येतात, पण अळ्या-कोश काहीच दिसत नाहीत. सगळं काढून देशी झाडं लावायची आहेत. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदाच पाणी देता येईल. काय लावू? आणि घाणेरी काढायलाच हवी का?

रानमेवा:
घाणेरीवर त्यांना फक्त मध मिळतो. अंडी घालायला प्रत्येक जातीची झाडं ठरलेली असतात, ती नसतील तर फुलपाखरू पाहुणाच राहणार. त्यामुळे आधी अळ्यांची झाडं ठरवा, फुलांचं नंतर.

कढीपत्ता 3, तीन-तीन फुटांवर. त्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं येतात. शेजारी एक कागदी लिंबू लावलंत तर ब्लू मॉरमॉनलाही सोय होईल (2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू). कढीपत्ता एकच लावू नका. चार-पाच मोठ्या अळ्या लहान रोप आठवड्यात खराट्यासारखं करतात, मग घरातलेच लोक औषध मारा म्हणून मागे लागतात.

रुई 1, बिबळ्या कडवा (प्लेन टायगर) फुलपाखरासाठी. खड्डासुद्धा नीट नको, मुरूमच आवडतो तिला. चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, म्हणून मुलं खेळतात त्या टोकाला लावू नका आणि छाटताना हातमोजे घाला.

कोरांटी 8-10, दीड-दीड फुटावर. पॅन्सी फुलपाखरं हिच्यावर अंडी घालतात आणि पावसाळा सरल्यावर फुलंही मिळतात. कुंपणाच्या जाळीवर अनंतमूळ सोडा, हबशी फुलपाखरू येतं. वाढ मंद आहे, पहिलं वर्ष धीर धरा. पावसात आपोआप उगवलेला टाकळा माळ्याला उपटू देऊ नका, छोटी पिवळी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. बाकीच्यांना भाजी.

खतखड्डा:
यादी पटली. पण राडारोड्यात नुसते खड्डे घेऊन झाडं लावलीत तर पहिल्याच पावसात खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतील, कढीपत्त्याची सर्वांत आधी. सिमेंटचे तुकडे, चुना, प्लास्टिक दीड फुटापर्यंत उकरून काढा. मुरूम राहू दे. खड्डे दीड फूट लांब, रुंद, खोल. भरताना तीन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत. भरण्याआधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघा. तासाभरात उतरलं नाही तर पहारीने तळ फोडा. याहून जास्त खत देशी झुडपांना नको. नुसता पाला माजतो, फुलं कमी आणि मावा कीड जास्त.

लागवड जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. मधासाठी अडुळसा आणि निर्गुडीही लावा, पण विकत घेऊ नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, 6 ते 8 इंची, तीन-चार डोळ्यांच्या फांद्या जूनमध्येच खोचा, खालचे दोन डोळे मातीत.

पाण्यासाठी दर दोन झाडांमध्ये एक भाजलेलं, पाझरणारं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास. आठवड्यातून दोनदा भरलं तरी पहिला उन्हाळा निघतो. आच्छादन वाळक्या पाल्याचं, 3-4 इंच, खोडापासून दोन बोटं लांब. सफाईवाल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रोज सकाळी झाडून नेतील. आणि हातभर जागा उघडी, न झाकता सोडा. एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या जमिनीत बीळ करतात.

पानगळ:
घाणेरीबद्दल: काढाच. फळं बुलबुल खातात आणि बी टेकडीवर नेऊन टाकतात, तिथे ती गवताला आणि झुडपांना दाबून टाकते. नुसती वरून छाटली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन इंचांवर, जिथून फुटवे येतात त्या गाठीखाली मूळ तोडा आणि खुंट उलटा करून वाळू द्या. पावसाळ्यानंतर त्या जागी बी उगवेल, ते बोटभर असतानाच उपटा.

पण एकदम सगळी नको. मधाची सोय मधल्या काळात तुटते. अर्धी पट्टी या जूनमध्ये, अर्धी पुढच्या. तोवर निर्गुडी, अडुळसा फुलायला लागतील. ऊन भरपूर आहे तर कोपऱ्यात एक धायटी घ्या. जानेवारी ते एप्रिल फुलते आणि शिंजीर (मध पिणारे छोटे पक्षी) तिच्यावरून हलत नाहीत. ती सहा-आठ फूट होते, फूल संपल्यावरच छाटा.

मुरूममाती:
धन्यवाद. नर्सरीतून कढीपत्ता आणला की लगेच त्यावर अळ्या आल्या तर चालेल ना? आणि सोसायटीत महिन्याला डासांचा धूर होतो, त्याचं काय?

रानमेवा:
नर्सरीतल्या रोपांवर बऱ्याचदा आंतरप्रवाही कीटकनाशक मारलेलं असतं. ते पानात मुरतं, धुऊन जात नाही. रोपं घेतानाच विचारा. खात्री नसेल तर नवी पालवी दोनदा येऊन जाईपर्यंत रोपावर मच्छरदाणीचं कापड बांधा, म्हणजे अंडी घातली जाणार नाहीत. कढीपत्त्याच्या बुडाशी फुटलेली पिल्लं कुणाकडे मिळाली तर तीच उत्तम. नीमतेलही इथे नको, अळीला तेही मारतं. रुईवर पिवळा मावा येईल. पाण्याचा जोरदार फवारा मारा, उरलेला ढालकिडे खातात.

कढीपत्त्यावरची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, रोग समजून पुसू नका. मोठी झाली की हिरवी होते. कोश फांदीवर किंवा भिंतीवरही असतो, म्हणून रंगकामाआधी कुंपण बघून घ्या.

खतखड्डा:
धुराने डासांबरोबर फुलपाखरं आणि मधमाश्याही मरतात. कमिटीला सांगा, धूर फक्त गटार आणि तळघरात, तोही सूर्यास्तानंतर. पट्टीपासून निदान 20 फूट लांब, आणि वारा पट्टीकडे असेल त्या दिवशी रद्द. त्याऐवजी दर आठवड्याला कुंड्यांच्या ताटल्या, टाक्यांची झाकणं आणि गच्चीवरची भंगार भांडी रिकामी करायची यादी लावा. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडंही त्यातच: दीड इंच खोल, मध्ये दगड, पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं.