घडीच्या चाकूची क्लिप: मिलिंगची की पत्र्याची?

मांडवीकर (रत्नागिरी)
घडीचा चाकू घेताना लोक पात्याचं स्टील विचारतात, लॉक कसलं ते विचारतात आणि तिथेच थांबतात. माझं मत, आधी चाकू उलटा करा आणि खिशाला अडकवायची क्लिप बघा. बनवणाऱ्याने कामात किती जीव ओतलाय ते तिथे दिसतं. क्लिप आणि ती बसते ती मुठीतली खाच यांच्यातली फट चारी बाजूंनी सारखी आहे का? स्क्रूचं डोकं वर आलंय का? आडवी ढकलली तर हलते का? माझ्या टायटॅनियमच्या चाकूला ठोकळ्यातून मिलिंग करून, म्हणजे फिरत्या कटरने कोरून काढलेली क्लिप आहे. तिच्यापुढे वाकवलेल्या पत्र्याची क्लिप म्हणजे कपडे वाळत घालायचा चिमटा. चार पैसे जास्त गेले तरी मिलिंगचीच घ्यावी.

जेटीवरचा (हर्णै)
दिसायला छान, त्याबद्दल वाद नाही. पण स्प्रिंग स्टीलचा पत्रा वाकतो आणि परत जागेवर येतो, क्लिपचं कामच ते. तुमची जाडजूड क्लिप जीन्सच्या शिवणीवर चढता चढत नाही, आणि चढली की ओल्या हाताने निघत नाही. शिवाय ती खाच! लिलावाच्या गर्दीतून घरी आलो की त्यात मीठ आणि खवले. पत्र्याची क्लिप नळाखाली धरली की झालं.

टूलरूम (मिरजोळे)
दोघेही अर्धंच बोलताय. क्लिपचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. म्हणून जाणकार माणूस मिलिंगची क्लिप मुळाशी मुद्दाम पातळ ठेवतो, आणि टायटॅनियम मुळातच स्टीलच्या साधारण निम्मं ताठ. नीट काढलेली असेल तर ती मजेत वाकते. जी वाकत नाही ती डिझाइनची चूक, मिलिंगची नव्हे.

फटीचं म्हणाल तर कटर गोल फिरतो, त्यामुळे खाचेचे आतले कोपरे कायम गोलच येणार. क्लिपचे कोपरे त्याहून टोकदार ठेवले तर ती कोपऱ्यावर चढून बसते आणि स्क्रू आवळला तरी मध्ये अधांतरी राहते. किंचित, एकसारखी फट ही चांगल्या कामाची खूण आहे. आणि गुळगुळीत दिसतं म्हणून हुरळू नका. बॉल नोज (गोल टोकाच्या) कटरच्या रेघा जवळजवळ घ्यायच्या तर मशीनचा वेळ जातो. मग दगडांसोबत ड्रममध्ये फिरवतात, रेघा बुजतात. स्वच्छ, समांतर रेघा तशाच ठेवणारा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

मांडवीकर
म्हणजे मिलिंगच बरं, हेच ना?

टूलरूम
नाही. वाईट मिलिंगपेक्षा चांगला पत्रा केव्हाही बरा.

रापणकार (मालवण)
मी क्लिपच काढून टाकलंय. जाळा ओढताना वाकलंय काय क्लिपीतसून चाकू सुटता. टायटॅनियम असो नायतर पत्रो, दर्याक दोनय सारखेच. दोरयेन कमरेक बांधा नि गप रवा.

जेटीवरचा
😄 रापणकारांना अनुमोदन. आणखी एक, मूठ अॅल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेसचे असतील तर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम. मग टी-६ चा (चांदणीच्या टोकाचा छोटा) पाना फिरवला की स्क्रूचं डोकं गोल होतं, क्लिप काही सुटत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सगळं खोलून पुसून ठेवतो. डी-२ स्टीलचं पातं असणाऱ्यांनी तर रोज तेल लावावं. त्यात ११-१२ टक्के क्रोमियम असतं खरं, पण बरंच कार्बाइडच्या कठीण कणांमध्ये अडकलेलं, त्यामुळे तांब धरतंच.

मांडवीकर
टायटॅनियमला समुद्राचं पाणी काही करत नाही. माझा मुद्दा तसाच उभा आहे.

बागवाली (देवगड)
सगळे खिशाचंच बोलताय, हाताचं कोण बोलणार? हंगामात पेट्यांची सुतळी दिवसभर कापायची तर क्लिप नेमकी तळव्यात येते. मिलिंगच्या क्लिपला बाहेरून सुरेख चॅम्फर (तिरकी केलेली कड), आणि टोकाच्या आतल्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, तशीच. नख ओढलं तर अडकतं. तळवा सोलला जातो आणि खिशाची शिवण उसवते ती वेगळीच.

टूलरूम
आतली कड फोटोत येत नाही ना, म्हणून तिथे कोणी हात फिरवत नाही. बारीक कानस दोनदा मारा, मग पॉलिश पेपर. क्लिप काढून मारा, नाहीतर मुठीवर ओरखडे.

बागवाली
मारली. पण मी डावखुरी आहे. त्या चाकूला खाच एकाच बाजूला, लॉकच्या पट्टीवर. क्लिप फिरवायची सोयच नाही. माझ्या साध्या पत्र्याच्या चाकूला चारी जागी भोकं आहेत, दोन स्क्रू काढले की काम झालं. मला कशाला महागाची घ्यायला सांगताय?

मांडवीकर
डावखुऱ्यांपुरतं तुमचं बरोबर. उजव्या हाताच्यांनी मात्र माझंच ऐकावं.

जेटीवरचा
ऐकतो, पण आधी तुमचा चाकू चार दिवस जेटीवर वापरायला द्या.