मदत हवी आहे : भूकंपाचा आवाज समुद्रातील ध्वनिमार्गात शिरतो तरी कसा?

नमस्कार. सागरी भूकंपांचा आवाज पाण्यातून हजारो किलोमीटर जातो, त्याविषयी वाचताना एका मुद्द्यापाशी अडलो आहे. भूकंपशास्त्राच्या किंवा ध्वनिशास्त्राच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आवाज इतका दूर का टिकतो, ते समजले आहे. खोल जाताना पाणी थंड होते तसा ध्वनीचा वेग घटतो आणि त्याहून खाली वाढत्या दाबामुळे तो पुन्हा वाढू लागतो. मधल्या, साधारण १००० मीटर खोलीवरील किमान वेगाच्या थराकडे ध्वनिकिरण वरून व खालून सतत वळत राहतात आणि तळाला किंवा पृष्ठभागाला न आपटता पुढे सरकतात. अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ मॉरिस युइंग यांनी १९४० च्या दशकात दाखवलेला सोफार थर तो हाच. सुमात्राजवळच्या निआस बेटापाशी भूकंप झाला, तर खडकातून जाणाऱ्या प्राथमिक लहरी हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटाला सुमारे सहा मिनिटांत पोहोचतात आणि सेकंदाला जेमतेम दीड किलोमीटर वेगाने पाण्यातून येणारी टी-लहर अर्ध्या तासानंतर. इथवर हिशेब जुळतो.

अडचण कोनाची आहे. खडकातील वेग सेकंदाला ५-६ किलोमीटर धरला, तर अपवर्तनाच्या नियमाने सपाट तळातून पाण्यात येणारा किरण लंबापासून फार तर १७-१८ अंश कलेल, म्हणजे जवळजवळ उभाच राहील. थरात अडकण्यासाठी मात्र तो क्षितिजाशी साधारण १५ अंशांच्या आत असावा लागतो. (१५ ऐवजी १२ धरले तरी चित्र बदलत नाही.) तळ उतरता असेल, तर प्रत्येक परावर्तनात किरण उताराच्या दुप्पट कोनाने आडवा होतो, हे स्पष्टीकरण वाचले, पण ५ अंशांच्या उतारावर त्यासाठी पाच-सहा परावर्तने लागतील आणि उभ्या किरणाची बरीच ऊर्जा दर वेळी खडकात परत जाईल. शिवाय उतार नसलेल्या खोल समुद्रातील भूकंपांच्याही टी-लहरी नोंदल्या जातात. त्याचे श्रेय खडबडीत तळावरील विकिरणाला, म्हणजे आवाज तिथे निरनिराळ्या दिशांना विखुरण्याला, दिले जाते. निआसच्या बाबतीत यांपैकी कोणती प्रक्रिया प्रभावी मानावी?

दुसरा प्रश्न यातूनच निघतो. आवाज पाण्यात नेमका कुठे शिरला हे निश्चित नसेल, तर प्रवासाचा वेळ मोजायचा कुठून? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच जागी पुन्हा पुन्हा होणाऱ्या भूकंपांच्या टी-लहरींच्या प्रवासवेळांतील केवळ फरक घेतला गेला (पाणी तापले की आवाज किंचित लवकर पोहोचतो) आणि त्यावरून २००५ ते २०१६ या काळात पूर्व हिंदी महासागर दशकाला सुमारे ०.०४४ अंश सेल्सिअसने तापल्याचे काढले गेले. युक्ती मला पटते. परंतु जोडीतील दोन भूकंप एकमेकांपासून काहीशे मीटर सरकलेले असतील, तर ती चूक फरकात कितपत उतरते आणि ती कशी वजा करतात?